रंगाऱ्याचं नाक

गुरुवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला तेव्हा रंगारी एका दातांच्या दवाखान्यात शिडीवर उभा होता. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात डबा. त्याने डबा शिडीला अडकवला आणि फोन कानाला लावला.

"रविवारी चारला येते, धाकटीला घेऊन," सासूबाई म्हणाल्या. "घर बघते. लेकराला राहण्यासारखं असलं तर तिला ठेवून जाते. नसलं तर सोमवारी इकडच्या शाळेत तिचं नाव घालते."

"आई, घर काय बघायचं? तुम्ही पाहिलेलंच आहे."

"पाहिलंय, म्हणूनच बघायचंय."

त्यांनी फोन ठेवला. रंगारी शिडीवरून खाली उतरला आणि कारण नसताना पुन्हा वर चढला.

बायको जाऊन नऊ महिने झाले होते. ती गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात धाकटीच्या छातीत घरघर सुरू झाली आणि पाच वर्षांच्या पोरीला एक रात्र दवाखान्यात काढावी लागली. सासूबाई धावत आल्या होत्या. जाताना धाकटीचे कपडे पिशवीत भरत म्हणाल्या, "थोडे दिवस माझ्याकडे राहू दे." त्या थोड्या दिवसांचे आठ महिने झाले. धाकटी तिकडे बरी होती. छातीचा पंप कपाटात पडून होता म्हणे. पण एकदा तिकडच्या शाळेत नाव पडलं की पोर तिकडचीच होणार, सुट्टीत बापाकडे पाहुणी म्हणून येणार, हे कळायला रंगाऱ्याला कुणाच्या शिकवणीची गरज नव्हती.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात रंगारी, त्याची पंधरा वर्षांची थोरली, कानाने अधू झालेले आजोबा, म्हणजे त्याचे वडील, आणि रंगाऱ्याची मोठी बहीण. बहीण भावाचं घर सांभाळायला म्हणून आली ती आपलं शिलाई मशीन घेऊनच. मुली तिला आत्या म्हणत. तिचं गिऱ्हाईक सकाळी आठपासून. कुणाची चेन बसवायची, कुणाची पँट आखूड करायची. समोरच्या खोलीत सदान्कदा कुणीतरी एका पायावर उभं राहून कपडे घालून बघत असायचं आणि बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून जेवायचं. आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीला ओल होती. उरलेल्या जागेत रंगाचे डबे.

त्या संध्याकाळी जेवताना रंगाऱ्याने फोनची गोष्ट सांगितली. आत्या म्हणाली, "तिला राहण्यासारखं म्हणजे काय हवंय? आम्ही काय झाडावर राहतो?"

"आत्या, खरं सांगू?" थोरली म्हणाली. "मैत्रिणीला घरी आणायची तर मी खालीच उभी करते. ही खोली बघ. ट्यूबलाइट अशी की जेवताना दुकानात बसल्यासारखं वाटतं."

"मग कर तू महाल. पैसे आण."

"पैसे नाही लागत. म्हणजे फार नाही लागत."

थोरलीने वहीचं मागचं पान फाडलं. तिच्या डोक्यात हे बरेच दिवस घोळत असावं. ट्यूब काढून कोपऱ्याकोपऱ्यात पिवळे दिवे. आत्याच्या गिऱ्हाइकाला पडद्याआडची जागा. जमिनीवरचा पसारा भिंतीवर किंवा पलंगाखाली. आणि धाकटीला स्वतःचा पलंग.

"आणि भिंती," रंगारी म्हणाला. "भिंतींचं काम माझ्याकडे."

हे बोलताना त्याने थोरलीकडे पाहिलं नाही. सतरा वर्षं तो दुसऱ्यांची घरं रंगवत होता. बायको दरवर्षी विचारायची, आपल्या घराचा नंबर कधी? तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात. ती हसायची आणि ओलीच्या डागावर कॅलेंडर लावायची. दोन वर्षांत डाग कॅलेंडरच्या बाहेर आला, तेव्हा तिने मोठं कॅलेंडर आणलं.

शुक्रवारी त्याने मुकादमाकडून दोन दिवसांची सुट्टी मागून घेतली आणि कामाला लागला. ओलीची भिंत खरवडली तेव्हा पोपडे असे निघाले की आजोबा खाटेवरून म्हणाले, "अरे, पलीकडच्यांच्या घरात जाशील." त्याने पुट्टी भरली, प्रायमर मारला, आणि डाग पुन्हा वर येऊ नये म्हणून त्यावर ऑइलपेंटचा जाड हात दिला. बाकीच्या भिंतींना पाण्याचा रंग. विकत काहीच आणलं नाही. प्रत्येक कामावरून उरलेले अर्धे-पाव डबे घरात होतेच. दातांच्या डॉक्टरचा पांढरा, बेकरीचा पिवळा, मुलींच्या वसतिगृहाचा गुलाबी आणि कुठल्याशा बँकेचा तपकिरी, असं सगळं त्याने एका बादलीत ओतून काठीने ढवळलं. जो रंग निघाला त्याला नाव नव्हतं. पण भिंतीवर तो बरा दिसला, ऊबदार.

पलंग त्याने परांचीच्या जुन्या फळ्यांचा केला. बुटका, एका बाजूला कठडा, म्हणजे झोपेत पडायला नको. पॉलिशपेपर मारून मारून बोटांची सालं गेली. मग भिंतीचाच रंग जुळवून त्यालाही ऑइलपेंट दिला. एक हात शुक्रवारी संध्याकाळी, दुसरा शनिवारी दुपारी. जुना रंग होता, वर साय धरलेला. साय काढून टर्पेंटाइन घालून पातळ केला.

आत्या मागे राहणारी नव्हती. एका लॉजवाल्याने टाकून दिलेले पडदे रंगाऱ्याने कधीतरी उचलून आणले होते. तिने त्यांचा जळका भाग कापला आणि खिडक्यांना पडदे, गिऱ्हाइकाला आडोसा, आणि मशीनखालच्या चिंध्या भरून चार उशा केल्या. उरलेल्या कापडाची पलंगाला जमिनीपर्यंत झालर लावली. झालरीमागे रंगाचे सगळे डबे सरकवले.

"आता कुणी म्हणेल का इथे रंगारी राहतो?" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी थोरलीने पिवळे दिवे लावले. एक जुन्या डब्याला भोकं पाडून केलेला, एक आजोबांच्या खाटेशी. चौघे समोरच्या खोलीत बसले. हीच खोली, हीच माणसं, पण कुणीतरी घराच्या खांद्यावर शाल टाकावी तसं झालं होतं. रंगाऱ्याच्या मनात आलं की हे दोन दिवसांचं काम होतं. फक्त दोन दिवसांचं. मग तो उठला आणि ब्रश धूत बराच वेळ मोरीत बसला.

रविवारी सकाळी दहाला आत्याच्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई पँट न्यायला आली. दारात आली आणि तिथेच थांबली. पदर नाकाला लावला.

"बाई, डोकं उठेल," ती म्हणाली. "कसे बसलात तुम्ही आत? बाहेरच द्या पँट."

ती पँट घेऊन गेली.

"वास येतोय?" रंगाऱ्याने विचारलं.

"येतोय म्हणजे? शुक्रवारपासून येतोय," आत्या म्हणाली. "पण या घरात कधी येत नाही? मला वाटलं, उद्यापर्यंत जाईल. तुझा धंदा आहे, तुला कळत असेल."

रंगाऱ्याने जोरात श्वास ओढला. त्याला काही जाणवलं नाही. काहीच नाही. सतरा वर्षांत नाक कधी गेलं ते त्याला सांगता आलं नसतं. टर्पेंटाइनने हात धुऊन तो डबा खायचा. बायको म्हणायची, तुमच्या भाकरीलाही प्रायमर असतो.

आणि त्याच क्षणी त्याला धाकटीची घरघर ऐकू आली. शिट्टीसारखी, रात्रभर.

"खिडक्या उघडा," तो म्हणाला. "सगळ्या."

पडदे काढले. पंखे लावले. शेजाऱ्यांचा एक उभा पंखा मागून आणला. आत्याने कांदे कापून पाण्यात टाकले आणि पातेली कोपऱ्यांत ठेवली. थोरलीने लिंबाची सालं उकळली. रंगाऱ्याला ठाऊक होतं की यातल्या कशानेही काही होत नाही. गिऱ्हाइकांना तो स्वतःच सांगायचा, आठ दिवस लहान मुलांना खोलीत झोपवू नका. फळ्यावर लिहिल्यासारखं पाठ होतं ते वाक्य. दुसऱ्यांना सांगायचं वाक्य होतं ते.

बाराला त्याने थोरलीला जिन्यात उभं केलं. "पाच मिनिटं थांब आणि मग आत ये. नाक ताजं पाहिजे."

ती आत आली. "आहे."

साडेबाराला पुन्हा. "आहे, बाबा."

"कमी?"

"थोडा."

आजोबा म्हणाले, "मला काहीच वास येत नाही."

"तुम्हाला ऐकू तरी कुठे येतं?" आत्या म्हणाली, पण हसलं कुणीच नाही.

सासूबाईंची गाडी दीडला सुटणार होती. एक वाजता रंगाऱ्याने फोन हातात घेतला. येऊ नका म्हटलं तर सोमवारी नाव तिकडे. या म्हटलं तर. तो फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नको करूस. मी सांगते ऐक. तुझ्या सासूला समोरच्या खोलीत बसवू. खिडकीपाशी. मी भजी तळायला घेते, त्या वासात काय कळतंय? तासाभरात ती परत जायला निघेल, तिची गाडी आहे. पोर एकदा राहिली की आठ दिवस मी तिला घेऊन गच्चीवर झोपते. कुणाला कळणार आहे?"

"तिच्या छातीला कळेल."

"अरे, मग गेली पोर हातची. बस शिडीवर."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रंगाऱ्याला तिचं म्हणणं पटलं नाही असं नाही. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दीड वाजू दिले. फोन खिशात टाकला.

अडीचला थोरली जिन्यातून आत आली. "अजून आहे. आतल्या खोलीत जास्त."

तीनला, "कमी झालाय."

साडेतीनला ती आत आली, दारापाशी थांबली, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "गेला, बाबा."

"गेला?"

"गेलाच. काही नाही आता."

ती त्याच्याकडे न बघता उशा सरळ करत होती. उशा सरळच होत्या. आठ महिने ही पोर धाकटीची उशी कुशीत घेऊन झोपत होती, तिला एकटीला झोप येत नाही हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण रंगाऱ्याला माहीत होतं.

तो आतल्या खोलीत गेला. पलंगापाशी उकिडवा बसला. नाकाचा काही उपयोग नव्हता, म्हणून तो आपल्या जुन्या सवयीने वागला. कठड्याच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, त्याने अंगठ्याचं नख दाबलं. नख लोण्यात जावं तसं आत गेलं. वर वाळल्यासारखी कातडी, आत सगळा ओला. ओला रंग म्हणजे वास. त्यात दुसरं काही असूच शकत नाही. हे त्याला रंग शिकवणाऱ्या उस्तादाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

तो नखाकडे बघत बसला. खाली फाटकापाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

"आल्या," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. कढईत पहिला घाणा पडला.

रंगारी उठला आणि चप्पल न घालता जिना उतरू लागला. वरून थोरलीने हाक मारली. तो थांबला नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो आणि सासूबाई समोरासमोर आले. त्यांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात धाकटीचा हात. धाकटी उंच झाली होती. तिने बापाकडे पाहिलं आणि आजीच्या मागे सरकली, मग एका डोळ्याने पुन्हा पाहिलं.

"वर नका येऊ, आई," रंगारी म्हणाला.

सासूबाईंना धाप लागली होती. त्यांनी कठडा धरला. "घर बघायला आलेय आणि जिन्यातच अडवता? काय लपवलंय?"

"वास आहे. रंगाचा. पोरीला आत नेता येणार नाही."

त्याला वाटलं की आता थांबलो तर पुढचं तोंडातून निघणार नाही, म्हणून तो बोलतच राहिला.

"घर रंगवलं. ओलीची भिंत ऑइलने केली, तिच्यासाठी पलंग केला, त्यालाही ऑइल दिलं. मला वास येत नाही. मला कशाचाच येत नाही. बाकीच्यांना सवय झालीय."

सासूबाई पायरीवर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "चिमणे, खाली फाटकापाशी जाऊन बस. रिक्षावाल्या काकांना सांग, थांबा म्हणावं." धाकटी एकेक पायरी उतरत खाली गेली. ती नजरेआड होईपर्यंत त्या जिन्याकडे बघत राहिल्या.

"त्या रात्री दवाखान्यात मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "घरात कशाचा वास असतो का? तुम्ही म्हणालात, कसलाच नाही. छातीवर हात ठेवून म्हणालात. मी घरात पाऊल टाकलं आणि मला ओकारी आली. तेव्हा माझ्या मनात आलं, हा माणूस खोटारडा तरी आहे नाहीतर याला पोरीचं काही पडलेलं नाही."

"खोटं नव्हतो बोलत."

"ते आज कळलं." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "डबे कुठे असतात?"

"कुठले?"

"रंगाचे. तेव्हा तिच्या खाटेशेजारी रचलेले होते. आता कुठे आहेत?"

खोटं बोलायला तेवढीच एक जागा उरली होती. ती झालरीमागे झाकलेलीसुद्धा होती.

"तिच्या पलंगाखाली," तो म्हणाला. "पुढे झालर लावलीय."

वरून भजी करपल्याचा वास येत असावा, कारण सासूबाईंनी नाक वर केलं. रंगाऱ्याला तोही आला नाही. त्यांनी मांडीवरची पिशवी पायरीवर ठेवली.

"आधी ते खाली आणा," त्या म्हणाल्या. "मी इथे बसलेय."

इमारतीच्या मागे सायकली ठेवायची पत्र्याची शेड होती. रंगारी, थोरली आणि आत्या, तिघांनी डबे उतरवायला सुरुवात केली. आजोबाही दोन लहान डबे घेऊन एकेक पायरी उतरले. प्रत्येक डबा सासूबाईंच्या नाकाखालून गेला. त्या कुणासाठी सरकल्या नाहीत आणि कुणाला थांबवलंही नाही. आत्या तिसऱ्या खेपेला पुटपुटली, "भजी खाणार का?" त्या म्हणाल्या, "करपलेली नको." चार-पाच खेपांनंतर थोरली त्यांच्याजवळ थांबली.

"आजी, मी बाबांना वास गेला म्हणून सांगितलं. गेला नव्हता."

"माहीत आहे. तुझ्या आईलाही खोटं बोलता येत नसे. कान लाल व्हायचे."

शेवटचा डबा शेडमध्ये ठेवून रंगारी वर आला तेव्हा पाच वाजून गेले होते. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

"वास जायला किती दिवस लागतील?" सासूबाईंनी विचारलं. "गिऱ्हाइकाला सांगता ते नको. खरे सांगा."

"भिंतींचा आठ दिवसांत जाईल. ऑइलचा पंधरा. पलंगाचा रंग खरवडून काढला तर त्याचा त्याआधीच जाईल."

"काढा."

"काढतो."

त्यांनी पिशवीत हात घातला. कपडे बाजूला केले, पंप बाजूला केला, आणि तळातून एक खाकी पाकीट काढलं. त्याच्यापुढे धरलं.

"तिचा जन्मदाखला आहे आणि फोटो. इकडच्या शाळेची खिडकी उद्या किती वाजता उघडते?"

थोरली वरच्या पायरीवरून म्हणाली, "दहाला."

"मग दहाला जाऊन नाव घाला. पंधरा दिवस ती माझ्याकडेच. सोळाव्या दिवशी घेऊन येईन. पण आधी मी एकटी वर जाईन आणि प्रत्येक खोलीत उभी राहीन. वास आला तर पाकीट परत घेईन. मला त्यात लाज वाटणार नाही."

"घ्या," रंगारी म्हणाला.

त्याने पाकीट घेतलं. बोटं मळलेली होती, म्हणून दोन बोटांच्या टोकांनी.

फाटकापाशी धाकटी रिक्षात बसून पाय हलवत होती. थोरलीने तिला उचलून इतकं घट्ट धरलं की ती "अगं, चप्पल पडली" म्हणून ओरडली. रंगारी थोडा लांबच उभा राहिला. धाकटीने त्याला विचारलं, "घर कुठल्या रंगाचं केलं?"

त्याच्याकडे नाव नव्हतं. त्याने अंगठा पुढे केला. नखात पलंगाचा रंग अडकला होता, अजून ओला.

धाकटीने तो लांबूनच बघितला, आजीने शिकवल्यासारखं नाक दाबून. "चहासारखा आहे. दूध जास्त घातलेल्या."

रिक्षा सुरू झाली. सासूबाईंनी बाहेर डोकं काढलं.

"आणि शाळेत उद्या कपडे बदलून जा," त्या म्हणाल्या.

रिक्षा वळली. धाकटीचा हात दिसेनासा झाला तरी ते सगळे उभे होते. मग रंगाऱ्याने थोरलीकडे पाहिलं.

"मलाही वास येतो?"

थोरलीने त्याच्या हातातलं पाकीट स्वतःकडे घेतलं. "येतो, बाबा," ती म्हणाली. "नेहमीच येतो."